गम्बोच्या वाडग्यात येळवशीची भज्जी

'केजन' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांना पहिल्यांदा कुठे भेटला असेल? मॉलमधल्या बुफेत. बारके बटाटे तळून त्यावर नारिंगी रंगाचं मेयोनीज ओतलेलं ते स्टार्टर. हैदराबाद, पुणे, बेंगळुरू, कुठेही जा, मुलं त्याच्या तीन-तीन प्लेटा संपवतात आणि मग जेवायला पोटात जागा उरत नाही. माझाही केजनशी संबंध एवढाच होता. पुढे कंपनीच्या कामासाठी सहा आठवडे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्स शहरात राहायला मिळालं. तिथे कळलं, की केजन हे मसाल्याचं नाव नाही, माणसांचं नाव आहे. आणि त्या माणसांची गोष्ट आपल्या बिदर-कलबुर्गीकडच्या सीमाभागाला फार जवळची आहे.

मी मूळचा दुबलगुंडीचा. बिदर जिल्हा, हुमनाबाद तालुका. सोलापूर-हैदराबाद महामार्गाने जाताना हुमनाबाद लागतं, त्याच भागातलं आमचं गाव. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दोस्तांमध्ये दखनी उर्दू, असा रोजचा कारभार. तीन भाषा येतात याचं कुणाला कौतुक नाही, कारण सगळ्यांनाच येतात.

डाउनटाउनमधलं जेवण

न्यू ऑर्लिन्सचा जुना भाग म्हणजे फ्रेंच क्वार्टर. लोखंडी नक्षीचे सज्जे, अरुंद रस्ते आणि कोपऱ्याकोपऱ्यावर ट्रम्पेट वाजवणारी पोरं. आमच्या टीममधला एक सहकारी लाफायेटकडचा, म्हणजे खास केजन मुलखातला. पहिल्याच शुक्रवारी तो मला तिथल्या एका जुन्या रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेला. "आज मेनूकार्ड बघायचं नाही," म्हणाला आणि स्वतःच ऑर्डर दिली.

पहिल्यांदा आला गम्बो. खोलगट वाडग्यात गडद तपकिरी रस्सा, मधोमध भाताची मूद, रश्श्यात कोळंबी, खेकडा, सॉसेजचे काप आणि भेंडी. हो, भेंडी! आपण भेंडीचा चिकटपणा घालवायला चिंच टाकतो, दही टाकतो. यांना तो चिकटपणाच हवा असतो, कारण त्याने रस्सा दाट होतो. मग आला जांबलाया, म्हणजे भात, मांस आणि भाज्या एकाच भांड्यात शिजवलेला प्रकार. त्यानंतर क्रॉफिश एतूफे. क्रॉफिश हे गोड्या पाण्यातलं, झिंग्यासारखं दिसणारं जित्राब. शेवटी ब्रेड पुडिंग आणि चिकोरी घातलेली कॉफी. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि थेट बेंगळुरूचा दर्शिनी आठवला. आपल्या फिल्टर कॉफीतही चिकोरीच असते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, म्हणून लोकांनी चिकोरीची भर घालून भागवलं. युद्ध संपलं, चव तशीच राहिली.

पण मनात घर केलं ते गम्बोने. रस्सा दाट कशाने होतो, असं मी विचारलं. सहकारी म्हणाला, "रू." तेलात गव्हाचं पीठ टाकायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. अर्धा-पाऊण तास. पीठ आधी बदामी होतं, मग तांबूस, मग चॉकलेटी. हात थांबला की करपलं, आणि करपलं की सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात.

मी हसलो. हे तर आमचं येसर! लातूर, धाराशिव, बिदर या पट्ट्यातल्या वाचकांना सांगायला नको. धान्यं आणि डाळी खमंग भाजायच्या, मसाले घालून दळून ठेवायचं आणि आमटीला लावायचं. लग्नाच्या पंगतीतली येसर आमटी ज्याने ओरपली आहे, त्याला गम्बो परका वाटणार नाही. पीठ भाजून रश्श्याला अंग आणि चव द्यायची ही अक्कल दोन्हीकडच्या बायकांना आपापली सुचलेली आहे.

एका वाडग्यात किती मुलूख

गम्बो हा शब्दच मुळात आफ्रिकेतला. तिकडच्या काही भाषांत भेंडीला 'किंगोम्बो' असं नाव आहे, त्यावरून तो आला असं मानतात. रू फ्रेंचांची. रश्श्यात कधीकधी वरून एक हिरवट पूड टाकतात, तिला फिले म्हणतात. ती सासाफ्रास झाडाच्या पानांची असते आणि ती तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांची देणगी. शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये वसवलं, मग काही दशकं स्पॅनिश अंमल होता, आणि १८०३ मध्ये अमेरिकेने हा सगळा प्रदेश विकत घेतला. भात पिकवण्याचं कसब आलं ते पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर. १७१९ पासून त्यांची जहाजं इथे येऊ लागली. गम्बोची चव घेताना ही गोष्ट विसरता येत नाही. मालकांच्या स्वयंपाकघरात चुलीपुढे बहुधा हीच माणसं उभी होती, आणि त्यांच्या हाताची चव आज सगळं शहर स्वतःची म्हणून सांगतं.

यातलं शहरी जेवण ते क्रिओल. केजन मात्र वेगळे. ते मूळचे फ्रेंच शेतकरी, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अकाडी प्रांतात राहणारे. ब्रिटिशांना हवी तशी निष्ठेची शपथ घ्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून १७५५ पासून त्यांना घरादारासकट हुसकावून लावलं. घरं जाळली, कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांत कोंबली. भटकत भटकत त्यातले काही लुइझियानाच्या दलदलीच्या प्रदेशात पोचले. १७८५ मध्ये तर फ्रान्सहून सात जहाजं भरून सुमारे १६०० लोक आले. अकाडियनचं 'कादियें' झालं आणि कादियेंचं 'केजन'.

दोन्ही स्वयंपाकांचा पाया एकच: कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. तिथले लोक याला चक्क 'होली ट्रिनिटी' म्हणतात. फरक सांगताना तिकडे एक विनोद करतात: क्रिओल माणूस तीन कोंबड्यांत एक कुटुंब जेवू घालतो, केजन माणूस एका कोंबडीत तीन कुटुंबं. ढोबळ फरक असा, की शहरी क्रिओल जांबलायात टोमॅटो असतो, खेड्यातल्या केजन जांबलायात नसतो. आपल्याकडे आमटीत गूळ घालायचा की नाही यावरून जसे वाद होतात, तसे तिथे टोमॅटोवरून होतात.

आपलं ताट तरी कुठलं?

त्या रात्री खोलीवर येऊन मी एक उद्योग केला. आमच्या घरच्या ताटातल्या एकेका जिनसाचं मूळ शोधलं. ज्वारी, जिच्याशिवाय आमच्याकडे जेवण होत नाही, ती मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. बाजरीही तिकडचीच. चटणीतला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरचीही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी जहाजातून आणलेली. हरभरा पश्चिम आशियातला. तूर मात्र अस्सल भारतीय, आणि कलबुर्गीच्या तुरीला तर २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे ज्या भाकरी-शेंगाचटणीला आपण 'आपलं गावरान' म्हणतो, तिच्यातही दोन-तीन खंड एकत्र आले आहेत.

नावांचंही तसंच. आमच्या घरात आजीला अव्वा म्हणतात. अव्वा जिला अंबाडी म्हणते, तिला शेजारच्या काकू पुंडी म्हणतात, जहीराबादकडचे पाहुणे गोंगुरा म्हणतात. भाजी साधारण एकाच चवीची, आंबट, भेंडीच्याच कुळातली. बोलणंही असंच. पुण्यातल्या सोवळ्या घरातसुद्धा जे तूप वाढलं जातं, ते कन्नडच्या 'तुप्प'चं भावंड. अण्णा, अक्का, अडकित्ता, सगळे तिकडचे. उलट दखनी बोलणारा माणूस 'यहीच', 'नक्को' म्हणतो, तेव्हा तो 'च' आणि तो 'नको' आपल्या मराठीचा असतो. हुमनाबादजवळच्या माणिकनगरच्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठी, कन्नड आणि हिंदुस्थानीतही पदं रचली. त्यांना कुणी विचारलं नसावं, की महाराज, तुमची खरी भाषा कोणती?

आम्हाला मात्र विचारतात. पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा "काय करायलास?" असं फोनवर बोललो, की आजूबाजूचे हसायचे. "तू मराठी आहेस की कानडी?" बेंगळुरूत गेलो तर उलटा प्रश्न. आमच्याकडच्या पुष्कळ पोरांनी यावर एकच तोडगा काढला: शहरात गेलं की गावचं बोलणं गावातच ठेवायचं. स्टेशनवर उतरताना चप्पल बदलावी तशी भाषा बदलायची.

म्हणून 'क्रिओल' या शब्दाचा अर्थ कळला तेव्हा बरं वाटलं. स्पॅनिश 'क्रिओयो', पोर्तुगीज 'क्रिओलु', त्याच्या मुळाशी 'वाढवणं', 'पोसणं' असा धातू आहे. क्रिओल म्हणजे जे इथेच जन्मलं, इथेच वाढलं ते. अर्थ भेसळ असा नाही, अर्धवट असाही नाही. मूळ कुठूनही आलेलं असो, ते या मातीत वाढलं म्हणून इथलं. आमच्या मराठीला मी आता हाच शब्द लावतो. ती पुण्याच्या मराठीची बिघडलेली प्रत नाही. ती इथे वाढलेली मराठी आहे.

एका पंगतीत बसणं

मिश्र जेवण म्हटलं की सगळे गुण्यागोविंदाने राहत होते असं वाटतं. तसं नव्हतं. न्यू ऑर्लिन्समध्येच 'डूकी चेस' नावाचं क्रिओल रेस्टॉरंट आहे, १९४१ पासूनचं. तिथल्या लीआ चेस यांना 'क्रिओल स्वयंपाकाची राणी' म्हणत. त्या २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी गेल्या. डिस्नेच्या 'द प्रिन्सेस अँड द फ्रॉग' या २००९ च्या सिनेमातली टियाना त्यांच्यावरूनच सुचली, हे घरातल्या मुलांना सांगा. एके काळी त्या राज्यात गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एकत्र बसून जेवणं बेकायदा होतं. तरी लीआबाईंच्या माडीवरच्या खोलीत नागरी हक्कांच्या चळवळीतले दोन्हीकडचे कार्यकर्ते बसत, गम्बो खात आणि पुढच्या आंदोलनाची आखणी करत. भेंडी, रू आणि फिले एका भांड्यात यायला वेळ लागला नाही, माणसांना एका टेबलाशी यायला दोनशे वर्षांहून जास्त लागली.

आपल्या मुलखात बाराव्या शतकात बसवण्णांनी कल्याणात हाच प्रश्न विचारला होता. ते बसवकल्याण आमच्या शेजारचंच. आणि तरी गावच्या पंगतीत कोण कुठे बसतं, हे माझ्या वयाच्या माणसानेही पाहिलेलं आहे.

अशा वेळी येळवस आठवते. मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत गावं त्या दिवशी ओस पडतात, कारण सगळे शेतात असतात. कन्नडमध्ये 'येळ्ळ अमावस्या', तिचं मराठीत येळवस आणि पुढे छापील कागदावर 'वेळा अमावस्या' झालं. कडब्याची कोप करायची, पूजा करायची आणि मग जेवण: भज्जी, आंबील, उंडे, खीर. भज्जी म्हणजे शेतात त्या वेळी जे हिरवं असेल ते सगळं. ओली तूर, हरभरा, वाल, वाटाणा, पालेभाज्या, गाजर, बोरं, चिंच, आणि दाटपणाला बेसन. न्यू ऑर्लिन्समध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी 'गम्बो झेर्ब' करतात, त्यातही असाच अनेक पालेभाज्यांचा मेळ असतो. डूकी चेसमध्ये त्या दिवशी त्यासाठी गर्दी लोटते. पण येळवशीची खरी गंमत भज्जीत नाही. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं असतं. कुणाचा कोण, हे त्या दिवशी विचारत नाहीत. वर्षातून एक दिवस तरी.

रस्सा राहिला, भाषा गेली

आता या गोष्टीतला दुखरा भाग. जेवता जेवता मी सहकाऱ्याला म्हणालो, "घरी फ्रेंच बोलता का रे?" तो म्हणाला, "आजीला यायचं. वडिलांना समजतं. मला फक्त पदार्थांची नावं येतात."

१९२१ मध्ये लुइझियानाने नवीन राज्यघटना केली आणि सरकारी शाळांतलं शिक्षण इंग्रजीतच करायचं ठरवलं. घरी फक्त फ्रेंच ऐकलेली मुलं शाळेत गेली आणि फ्रेंच बोलली म्हणून शिक्षा खाऊ लागली. माझ्या सहकाऱ्याच्या आजीने 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य शंभरदा लिहिलं होतं. ती मोठी झाली, आई झाली आणि तिने ठरवलं, माझ्या मुलांना ही शिक्षा नको. घरात इंग्रजी आली. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंच जपण्यासाठी 'कोडोफिल' ही संस्था काढली, आज काही शाळांत फ्रेंच माध्यमाचे वर्गही चालतात. पण मधली पिढी निसटली होती. ऐंशीच्या दशकात पॉल प्रुडोम या केजन शेफने मसाल्यात करपवलेला मासा जगभर गाजवला. रेडफिश माशाला मागणी इतकी वाढली, की मासेमारीवर बंधनं घालावी लागली. एके काळी शिवीसारखा वापरला जाणारा 'केजन' शब्द पाकिटांवर आला. पाकिटं खपली. आजीची भाषा त्यात नव्हती.

आपला इतिहास वेगळा आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. मराठी बोलल्याबद्दल मला शाळेत कुणी शंभर ओळी लिहायला लावल्या नाहीत. पण माझ्या पिढीने मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं, शहरात फ्लॅट घेतला आणि घरातही सोयीचं बोलायला लागली. तिकडे शिक्षेने जे झालं ते इकडे सोयीने होऊ शकतं. वेग तोच आहे. आजीला येतं, वडिलांना समजतं, आणि नातवाला फक्त पदार्थांची नावं.

जाणार असाल तर

अमेरिकेतल्या आपल्या वाचकांपैकी ह्यूस्टनकरांना न्यू ऑर्लिन्स मोटारीने साधारण साडेपाच-सहा तासांवर आहे. सुट्टीत जरूर जा. चार गोष्टी सांगतो. शाकाहारी असाल तर गम्बो आणि रेड बीन्स मागवण्याआधी विचारा, राजम्यासारख्या दिसणाऱ्या बीन्समध्येही बहुधा डुकराचं मांस असतं. बीफ टाळत असाल तर सॉसेज कशाचं आहे तेही विचारून घ्या. तिखटाची भीती नको, टबॅस्को सॉस याच राज्यातला, १८६८ पासूनचा, पण ठेच्यावर वाढलेल्या माणसाला तो किरकोळच. आणि सोमवारी गेलात तर रेड बीन्स-राइस खा. सोमवार हा पूर्वी धुण्याचा दिवस. बायका कपडे धुवायच्या आणि मंद आचेवर बीन्स आपोआप शिजायच्या.

आपल्याला काय करता येईल

गावी परतल्यावर मी अव्वाकडून भज्जी लिहून घेतली. सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे तक्ता केला: जिन्नस, मराठी नाव, कन्नड नाव, दखनी नाव, कुठल्या शेतातून आणायचा, कधी घालायचा. तक्त्याचे दोन रकाने भरले आणि अव्वा म्हणाली, "असं लिवून कुठं भज्जी हुती व्हय? ये, बस चुलीपाशी." मग फोनवर तिचा आवाज टिपून घेतला. ती बोलत होती तशीच, 'करायलाव'सकट. तक्ता नंतर ऐकून पुरा केला.

ते रेकॉर्डिंग चाळीस मिनिटांचं आहे. त्यात भज्जी दहा मिनिटं असेल. बाकी सगळं शेत, पाऊस, कोण कुणाकडे जेवायला यायचं, कोणाला हाक मारायची नाही असं कोणी सांगितलं होतं आणि तरी तिने कशी मारली, हे. पाककृती इंटरनेटवर मिळेल. हे मिळणार नाही, कारण ते तिच्याच बोलीत आहे आणि ती बोली कळणारा श्रोता लागतो.

म्हणून तरुण वाचकांना एवढंच सांगणं आहे. या दिवाळीला गावी जाल तेव्हा आजी-आजोबांच्या हातचं नुसतं खाऊ नका. त्यांना एक पदार्थ विचारा, त्यांच्या बोलीतच उत्तर द्या, आणि तुमचं 'करायलास' ऐकून कुणी हसलं तर हसू द्या. लहान मुलांना चुलीपाशी बसवा आणि अंबाडीला अंबाडीच म्हणा, पुंडीही म्हणा, गोंगुराही म्हणा. तिन्ही नावं त्यांची आहेत.